खाणीचा परवाना आणि गावाच्या विहिरी: अट मोजता येईल अशी कशी लिहून घ्यावी

वणी तालुक्यातील एका गावाच्या उपसरपंच ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शिवाराला लागून असलेल्या उघड्या कोळसा खाणीचा विस्तार होणार असून, पर्यावरणविषयक जाहीर सुनावणीची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आहे. गेल्या आठ-दहा वर्षांत खाणीकडच्या बाजूच्या विहिरी मार्चमध्येच तळ गाठू लागल्या आहेत, पावसाळ्यात नाल्याला गढूळ पाणी येते, आणि विचारायला गेले की ‘सगळे अहवाल मर्यादेत आहेत’ एवढेच उत्तर मिळते. परवाना रद्द करण्याची मागणी करावी का, सुनावणीत नेमके काय मांडावे, आणि खाण बंद झाल्यावर तरी विहिरी पूर्वीसारख्या भरतील का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, वर्धा खोऱ्याच्या कोळसा पट्ट्यात भूजल मोजण्याचे काम मी तीसेक वर्षे केले आहे. त्यातली पहिली काही वर्षे खाणींसाठी अहवाल लिहिण्यात गेली आणि पुढची ग्रामपंचायतींना तसेच अहवाल वाचून समजावून देण्यात. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की गावाचे नुकसान अटी नसल्यामुळे क्वचित होते. अटी ढिगाने असतात. नुकसान होते ते त्या अटींच्या भाषेमुळे. ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘योग्य त्या उपाययोजना कराव्यात’ अशा शब्दांत लिहिलेली अट कधीच मोडत नाही, कारण ती मोडली हे कोणाला दाखवताच येत नाही. म्हणून या विस्ताराच्या निमित्ताने आपली मुख्य मागणी एकच असावी, असे मी सुचवेन: पाण्याविषयीच्या प्रत्येक अटीत आकडा, जागा, महिना आणि मोजणाऱ्याचे नाव असले पाहिजे.

आधी ‘परवाना’ या शब्दाविषयी थोडे सांगतो, कारण गावात सगळे त्याबद्दल एकवचनात बोलतात आणि तिथूनच अर्ज चुकीच्या कचेरीत जायला सुरुवात होते. खाणीकडे पाण्याशी संबंध असलेले निदान तीन वेगळे कागद असतात. पहिला कागद पर्यावरण मंजुरीचा, जी २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली मिळते. आपली सुनावणी त्याच प्रक्रियेचा भाग आहे. दुसरा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचा. ते १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली दिले जाते आणि कोणते पाणी, दररोज किती घनमीटर, कोणत्या ठिकाणी सोडायचे हे त्यात लिहिलेले असते. तिसरा कागद खाणीतून पाणी उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाने दिलेल्या ना-हरकत प्रमाणपत्राचा. विहीर आटल्याची तक्रार दुसऱ्या कागदाच्या कचेरीत नेली तर ‘हा आमचा विषय नाही’ असे उत्तर येते आणि ते उत्तर खोटेही नसते. नाल्याचा गढूळपणा हा दुसऱ्या कागदाचा विषय, विहिरीची पातळी तिसऱ्याचा, आणि दोन्ही एकत्र मांडण्याची जागा पहिल्याची.

आता जमिनीखाली काय आहे ते पाहू, कारण तिथेच खरी मेख आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकार नावाच्या खडकांच्या थरांत सापडतो आणि त्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म पसरलेला आहे. नागपूरजवळच्या कामठीवरूनच त्याला ते नाव पडले. हा वालुकाश्म पाणी धरतो आणि मोकळ्या हाताने देतोही. खाणीच्या नकाशात मात्र तो ‘ओबी’ असतो, म्हणजे कोळशावरून काढून टाकायचा दगड-मातीचा थर. म्हणजे खाणीला जो केवळ अडथळा वाटतो, तोच आपल्या विहिरींचा साठा आहे. खाणीचा तळ विहिरींच्या तळापेक्षा कितीतरी खोल असतो आणि तो कोरडा ठेवण्यासाठी रात्रंदिवस पंप चालतात, त्यामुळे भोवतालच्या थरांतले पाणी त्या खड्ड्याकडे झुकते. पातळीचा हा उतार किती लांब पोहोचेल ते खडकावर ठरते. वालुकाश्मात तो बऱ्यापैकी सारखा पसरतो. वणीच्या पश्चिमेकडे काळा दगड आहे, तिथे तो भेगा जातील तसा जातो, त्यामुळे एका धुऱ्यावरची विहीर आटते आणि शेजारच्या वावरातली भरलेली राहते. वणी, कोरपना, राजुरा या पट्ट्यात चुनखडकही आहे आणि त्यात पाणी पोकळ्यांमधून वाहते, म्हणून अंतरावरून अंदाज बांधता येत नाही. अहवालात ‘खाणीचा प्रभाव अमुक मीटरपर्यंत’ असे एकच वर्तुळ काढलेले दिसले, तर ते वर्तुळ कोणत्या खडकासाठी काढले आहे, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरा प्रश्न तुलना कशाशी केली आहे, हा. आघात अहवालात खाणीभोवतालच्या दहा किलोमीटरच्या परिसराची सद्यःस्थिती नोंदवतात आणि ती बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाच्या, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या मोजणीवर आधारलेली असते. नव्या खाणीसाठी यात निदान तर्क तरी आहे. विस्ताराच्या प्रकरणात मात्र पंप वीस-वीस वर्षे चालून गेल्यानंतर मोजलेली पातळी ‘मूळ स्थिती’ म्हणून मांडली जाते आणि मग ‘विस्तारामुळे पातळीत नगण्य फरक पडेल’ असा निष्कर्ष निघतो. मोडलेला पाय मोजून त्यालाच सरळ म्हणण्यासारखा हा प्रकार आहे, आणि कोणीही लबाडी न करता तो घडतो, कारण अहवालाचा साचाच तसा आहे. याला उत्तर देण्यासाठी जुन्या नोंदी हव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तालुक्यात आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. आपल्या पाणलोटातल्या सर्वांत जवळच्या निरीक्षण विहिरीच्या खाण सुरू होण्यापूर्वीपासूनच्या सगळ्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. सुनावणीच्या सूचनेची मुदतही किमान तीस दिवसांचीच असते, म्हणून हा अर्ज उद्याच टाकायला हवा.

खाणीकडच्या कागदांतही आपल्या उपयोगाचे बरेच असते. पर्यावरण मंजुरीतल्या अटी कितपत पाळल्या याचा अहवाल खाणीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. विस्ताराचा प्रस्ताव असेल तर आधीच्या मंजुरीच्या अटींचे पालन झाल्याचा प्रमाणित अहवालही लागतो. तो बहुधा पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून येतो आणि असे कार्यालय नागपुरात आहे. हे दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘पायझोमीटर बसवले आहेत’ असे एकात लिहिलेले असेल, तर दुसऱ्यात त्यांची संख्या, जागा आणि दरमहाची पातळी दिलेली आहे का ते पाहा. पायझोमीटर म्हणजे फक्त पातळी मोजण्यासाठी घेतलेली अरुंद बोअर. ती खाणीच्या आवारातच, पंपाच्या शेजारी असेल तर गावाला तिचा उपयोग नाही. खाणीची हद्द आणि गाव यांच्या मधोमध एक आणि गावाच्या पलीकडे एक अशी जोडी हवी, म्हणजे उतार कुठवर आला ते दिसते.

नाल्याच्या पाण्याबाबत मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण ‘मर्यादेत आहे’ हे उत्तर तिथेच दिले जाते आणि तिथेच ते सर्वांत फसवे ठरते. कोळसा खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्याचे निकष केंद्र सरकारने २००० साली अधिसूचित केले आहेत. त्यानुसार सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या दरम्यान, निलंबित घन पदार्थ, म्हणजे पाण्यात तरंगणारे गाळाचे कण, लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमपर्यंत चालते. हे निकष सोडलेल्या पाण्याचे आहेत, पिण्याच्या पाण्याचे नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० आहे, आणि त्यात विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत, नायट्रेट ४५ पर्यंत आणि फ्लोराईड १ ते १.५ पर्यंत, अशा मर्यादा आहेत. नाल्याचे पाणी पहिल्या कसोटीला उतरले म्हणून त्या नाल्याकाठच्या विहिरीचे पाणी दुसरीला उतरेलच असे नाही, आणि पाणी ‘मर्यादेत’ आहे असे सांगणाऱ्याने यांपैकी कोणती कसोटी लावली हे त्याला स्पष्ट विचारले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते नमुना कधी घेतला हे. साधा हिशेब मांडतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. खाणीचा उघडा खड्डा १०० हेक्टरचा असेल आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये नवलाचा नाही, तर त्या एका दिवसाचे पाणी एक लाख घनमीटर होते. ते तळातल्या डोहात जमते. पंपांची एकूण क्षमता ताशी १,००० घनमीटर धरली तर तेवढे उपसायलाच चार दिवसांहून अधिक लागतात, आणि मध्ये पुन्हा पाऊस येतोच. हे पाणी सोडण्याआधी ज्या निवळण-टाकीतून जाते, ती समजा ३,००० घनमीटरची आहे, तर पाणी टाकीत जेमतेम तीन तास थांबते. वाळू तेवढ्यात खाली बसते. काळ्या मातीचा बारीक चिकण गाळ मात्र तीन तासांत बसत नाही; तांब्यात गढूळ पाणी घेऊन रात्रभर ठेवा, सकाळीही ते पुरते निवळलेले नसते. संमतीपत्रात दररोजच्या पाण्याचा जो आकडा असतो तो बहुधा कोरड्या महिन्यांच्या झिरप्याचा असतो, आणि तपासणी अहवालाला जोडलेले नमुनेही बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीतले निघतात. त्या दिवशीचे पाणी खरोखरच मर्यादेत असते. म्हणून मागणी अशी लिहावी: निवळण-टाकीची क्षमता पंपांच्या कमाल उपशाच्या किमान २४ तासांइतकी असावी, आणि एका दिवसात ५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यापासून ४८ तासांच्या आत, नाल्याला पाणी मिळते त्या तोंडावर, ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमोर नमुना घ्यावा. २४ तास आणि ५० मिलिमीटर हे आकडे मी अनुभवावरून सुचवतो आहे. प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने ते बदलले तरी हरकत नाही, पण त्यांच्या जागी दुसरा आकडा यावा. ‘पुरेशी’ हा शब्द येऊ नये.

ढिगाऱ्यांचे पाणी हा याच गोष्टीचा दुसरा भाग. ५० हेक्टरच्या ओबीच्या ढिगाऱ्यावर ताशी ६० मिलिमीटर वेगाने सर कोसळली आणि निम्मे पाणी उतारावरून वाहून आले, तरी सेकंदाला चार घनमीटरहून अधिक पाणी खाली येते. पायथ्याची चर मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल असेल आणि पाणी त्यात सेकंदाला दीड मीटर वेगाने धावले, तर ती दीड घनमीटर नेते. उरलेले पाणी माती घेऊन शेजारच्या सोयाबीनमध्ये उतरते. अहवालात ‘ढिगाऱ्याभोवती चर खोदण्यात येईल’ असे वाक्य असेलच. चरीची रुंदी, खोली, उतार आणि ती कोणत्या सरीसाठी काढली आहे, हे मात्र क्वचित असते. नाला वळवायचा असेल तर नव्या पात्राची वहनक्षमता आणि नाल्याची सर्वोच्च पूररेषा कोणत्या वर्षाच्या पुरावरून धरली हेही विचारा. जुलै २०२२ चा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. पूररेषा त्याआधीच्या आकडेवारीवर बेतलेली असेल तर ती नव्याने आखून घेण्याची मागणी रास्त आहे, आणि त्या पुरात पाणी कुठवर आले होते हे गावातला कोणीही म्हातारा माणूस भिंतीवर बोट ठेवून दाखवू शकेल. त्या खुणेचा फोटो काढून, शेजारी टेप धरून, तो हरकतीला जोडा.

इथे एक सावधगिरी सांगणे माझे काम आहे. पाण्यातला प्रत्येक दोष खाणीच्या माथी मारू नका. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत बऱ्याच गावांच्या बोअरमध्ये फ्लोराईड आहे आणि ते खडकातूनच आलेले आहे. नायट्रेट स्फोटकांतून येऊ शकते, कारण खाणीतल्या स्फोटकांत अमोनियम नायट्रेट असते, पण ते उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून आणि युरियातूनही येते. आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असते, त्यामुळे ईशान्येकडच्या खाणींसारखे आम्लयुक्त लाल पाणी इथे सहसा दिसत नाही. कुठे दिसलेच तर ती गंभीर गोष्ट समजून सामू त्याच दिवशी मोजून घ्यावा. खाणीचे पाणी मुळातच वाईट असते असेही नाही. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीचे पाणी शुद्ध करून वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरले आहे. सुनावणीत कोणी फ्लोराईडचा ठपका खाणीवर ठेवला आणि पुढच्याच मिनिटाला खाणीच्या सल्लागाराने तो खोडून काढला, की त्या माणसाचे विहिरीविषयीचे खरे म्हणणेही त्याच्याबरोबर वाहून जाते. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

म्हणून गावाची स्वतःची वही हवी. एका सुनावणीत एका शेतकऱ्याने मुलाची जुनी शाळेची वही आणली होती. दर अक्षय तृतीयेला आणि दर दिवाळीला विहिरीत किती परस (पुरुषभर उंचीचे माप) पाणी आहे, याची बारा वर्षांची नोंद त्यात होती. परस हे काही शास्त्रीय माप नव्हे, तरीही एकाच माणसाने, एकाच विहिरीत, एकाच सणाला केलेली ती मोजणी त्या सभागृहातल्या कोणत्याही कागदापेक्षा वजनदार ठरली, आणि अहवाल लिहिणाऱ्यांना त्यावर लेखी उत्तर द्यावे लागले. आपण याहून थोडे नीट करू शकतो. सहा विहिरी निवडा: तीन खाणीच्या बाजूच्या, तीन लांबच्या, पण शक्यतो एकाच प्रकारच्या खडकातल्या. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. मोजण्याआधी निदान बारा तास त्या विहिरीवरचा आणि शेजारचा पंप बंद असला पाहिजे. माझ्या उमेदवारीच्या काळात मी हाच नियम मोडला होता. सकाळभर पंप चाललेल्या विहिरी दुपारी मोजल्या, पातळी प्रत्यक्षाहून बरीच खोल निघाली आणि माझा सगळा तक्ता वरिष्ठांनी माझ्यासमोर फाडून टाकला. त्यांचे बरोबर होते. मोजणाऱ्याची सही, दुसऱ्या एका साक्षीदाराची सही आणि त्या महिन्याचा महसूल मंडळाचा पाऊस एवढे वहीत असले की पुरे. जवळच्या तीन विहिरी खाली जात राहिल्या आणि त्याच पावसात लांबच्या तीन टिकल्या, तर दुष्काळाचे कारण आपोआप बाद होते. ही वही दर तीन महिन्यांनी ग्रामसभेपुढे ठेवून ठरावात नोंदवून घ्या, म्हणजे ती कोणा एकट्याची राहत नाही.

सुनावणीच्या दिवसाबद्दल आता फार सांगायला नको. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा, अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी नाही अशा दर्जाचा, प्रतिनिधी असतो. अहवालाचा मराठी सारांश मिळणे आपला हक्क आहे, पण पाण्याचा खरा मजकूर मोठ्या इंग्रजी अहवालाच्या परिशिष्टांत असतो, म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयातला भूगोलाचा किंवा भूशास्त्राचा एखादा प्राध्यापक सोबत घ्या. भाषणापेक्षा लेखी हरकत महत्त्वाची. ती मराठीत द्या, पानांना क्रमांक घाला, पोच घ्या. कामकाज संपताना इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. लोक जेवायच्या घाईत निघून जातात आणि नेमका तोच भाग कोणी ऐकत नाही. आपण चार जण तरी थांबा, आणि आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभे राहून तो नोंदवायला लावा. काही मर्यादेपर्यंतच्या उत्पादनवाढीला सुनावणीतून सूट देणारे निर्णयही झालेले आहेत, त्यामुळे आपल्या वाट्याला सुनावणी आली आहे हेच पुष्कळ समजावे.

हरकतीत एक मुद्दा आग्रहाने घ्या, कारण तो बहुतेक गावे विसरतात: नाल्यावर आपली एकटीच खाण नाही. प्रत्येक खाणीचा अहवाल आपापल्या दहा किलोमीटरपुरता लिहिला जातो, ही वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि तीन खाणींचा मिळून होणारा उपसा कोणाच्याच तक्त्यात येत नाही. चंद्रपूर परिसराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये प्रदूषण निर्देशांकात शंभरपैकी ८३.८८ गुण देऊन अतिप्रदूषित ठरवले, तेव्हा ते गुण कोणा एका चिमणीचे किंवा एका खाणीचे नव्हते, सगळ्यांचे मिळून होते. पाण्याचा हिशेबही तसाच, नाल्याच्या संपूर्ण पाणलोटाचा, मागावा.

आता परवाना रद्द करण्याबद्दल. कायद्यात तशी तरतूद आहे; प्रदूषण नियंत्रण मंडळ खाण बंद करण्याचे निर्देश देऊ शकते आणि मंजुरी मागेही घेतली जाऊ शकते. तरीही चालत्या खाणीसाठी हीच पहिली मागणी ठेवू नये, असे माझे मत आहे. एक तर ती क्वचितच मान्य होते आणि फेटाळली गेली की बाकीचे मुद्देही तिच्याबरोबर निकालात निघाल्यासारखे होतात. दुसरे म्हणजे गावातली पंधरा-वीस घरे त्याच खाणीच्या मजुरीवर चालतात, आणि ग्रामसभा दुभंगली की वहीही थांबते. याहून उपयोगी आणि कमी वापरलेली वाट जल प्रदूषण कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे: संमतीपत्रातल्या अटींचे मंडळाला वेळोवेळी पुनर्विलोकन करता येते आणि त्या वाजवी प्रमाणात बदलता येतात. संमतीच्या अटींची नोंदवही पाहण्याचा हक्क त्याच कायद्याने बाधित व्यक्तीला दिलेला आहे. आधी ती नोंदवही पाहा, मग ‘अमुक अटीत पावसाळी उपशाचा समावेश नाही, सबब ती अशी बदलावी’ असा नेमका अर्ज द्या. विस्ताराला मंजुरी मिळालीच आणि अटी पोकळ निघाल्या, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे अपील करता येते. त्याची मुदत तीस दिवसांची आहे आणि सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. मंजुरीची तारीख आपल्याला कोणी घरी येऊन सांगणार नाही, म्हणून पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर प्रस्तावाचा क्रमांक टाकून दर आठवड्याला पाहण्याचे काम एखाद्या शिकलेल्या मुलाकडे सोपवा.

मंजुरीत हमखास आढळणाऱ्या एका अटीकडे विशेष लक्ष द्या: ‘खाणीच्या उपशामुळे गावातील विहिरी आटल्यास कंपनीने पाणीपुरवठा करावा.’ वाचायला ती बरी वाटते. पण ‘उपशामुळे’ हे कोणी सिद्ध करायचे? आजवर ते गावाने करायचे असेच गृहीत धरले गेले आहे. ती अट अशी बदलून मागा: ठरलेल्या निरीक्षण विहिरींपैकी कोणत्याही दोन विहिरींतली मार्चअखेरची पातळी, तुलनेच्या लांबच्या विहिरींपेक्षा दोन मीटरहून अधिक खाली गेली, तर कारणाची चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता पंधरा दिवसांत पाणीपुरवठा सुरू व्हावा, आणि तो माणसांबरोबर जनावरांसाठीही असावा. टँकर माणसांचा हिशेब करून येतो आणि बैलजोडी नाल्यावरच जाते. तोच नाला, ज्याच्या गढूळपणाची आपण तक्रार करतो आहोत.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. पंप थांबल्यावर पाणी परत वर येते, हे खरे आहे. किती वर्षांत येईल हे खड्ड्याच्या आकारावर, पावसावर आणि खडकावर ठरते आणि हा काळ हंगामांत नव्हे, वर्षांत मोजावा लागतो. ते पूर्वीच्याच जागी आणि पूर्वीच्याच चवीचे येईल, असेही धरून चालता येत नाही. शेवटचा खड्डा भरला नाही तर त्याचे तळे होते आणि उन्हाळाभर त्यातून पाण्याची वाफ होत राहते. भोवतालचे भूजल तेवढे त्याच्याकडे झिरपत राहते. खड्डा ओबीने परत भरला, तर फुटलेल्या दगडांतून पाणी सहज जाते, पण ताज्या फुटलेल्या पृष्ठभागांवरचे क्षारही बरोबर घेते, म्हणून सुरुवातीची काही वर्षे विद्राव्य क्षार (टीडीएस) आणि कठीणपणा वाढलेला दिसतो. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या खाणबंदी मार्गदर्शक तत्त्वांनुसार उघड्या खाणीसाठी त्या वेळच्या दराने हेक्टरी सहा लाख रुपये एस्क्रो खात्यात, म्हणजे खाणीला परस्पर काढता येत नाहीत अशा राखीव खात्यात, टप्प्याटप्प्याने ठेवावे लागत, आणि त्यातली रक्कम पुढे केलेल्या कामाची पडताळणी होऊन परत मिळत असे. आपल्या खाणीच्या खाणबंदी आराखड्यात शेवटच्या खड्ड्याचे काय करणार, पाणी कोणत्या पातळीपर्यंत येईल असा अंदाज आहे, आणि पंप थांबल्यानंतर किती वर्षे गावच्या विहिरी मोजत राहणार, या तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का, ते सुनावणीआधी वाचून ठेवा. ते पान नसेल तर तेच हरकतीचे पहिले पान करा.